दोन भावांचे डिझेल

गुरुवार, १७ जानेवारी २०१३ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने एक निर्णय घेतला आणि त्या मध्यरात्रीपासून आपल्या देशात डिझेलला दोन भाव झाले. रस्त्याकडेच्या पंपावर येणाऱ्या किरकोळ गिऱ्हाइकाला डिझेल पूर्वीप्रमाणेच सवलतीत मिळायचे होते. फक्त दर महिन्याला ते चाळीस-पन्नास पैशांनी महाग व्हायचे होते. जो मात्र टँकरने घाऊक माल घेई, स्वत:च्या टाकीत साठवी आणि स्वत:च्या पंपावरून भरी, त्याची सवलत एका रात्रीत संपली. त्याला लिटरमागे दहा-अकरा रुपये अधिक मोजणे भाग पडले. तेल तेच, शुद्धीकरण कारखाना तोच, टँकर तोच. बदलले होते ते केवळ टँकर रिकामा करण्याचे ठिकाण.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत संपेल. परंतु माझ्या नोकरीची काही वर्षे परभणी जिल्ह्यात गेली असल्यामुळे मला ती जिंतूरच्या रस्त्यावर उभी राहूनच आठवते. त्या उन्हाळ्यात कामानिमित्त पुन्हा त्या बाजूस गेलो असता गावाबाहेरच्या एका खाजगी पंपावर लाल रंगाच्या एस. टी. गाड्या रांगेने उभ्या असलेल्या पाहिल्या. पुढे एक ट्रॅक्टर, मागे कुणा कंत्राटदाराची चकचकीत मोटार, आणि मध्ये सरकारी महामंडळाची यष्टी. शेजारी उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, ‘सरकारलाबी आता उधारीवर दुसऱ्याच्या दारात यावं लागलं की काय?’ प्रश्न त्यांनी विनोदाने विचारला होता. पण त्याचे खरे उत्तर द्यायचे तर बराच मागचा इतिहास सांगावा लागतो.

जिंतूर हे तालुक्याचे गाव. परभणीपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, बालाघाटाच्या नव्हे तर अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या टोकाशी वसलेले. जवळच्या नेमगिरीच्या टेकडीवर जैन गुंफा आहेत, चारठाण्याला प्राचीन मंदिरे आहेत, आणि पूर्णा नदीवर १९६८ साली पुरे झालेले येलदरीचे धरण आहे. धरण जिंतूर तालुक्यात, आणि कालव्यांचे पाणी मुख्यत: खालच्या तालुक्यांना, ही तिकडच्या लोकांची जुनी खंत. आगगाडी जिंतूरला कधी आली नाही. निजामाच्या राजवटीत १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग झाला, तो सेलू-परभणीवरून गेला. जिंतूर बाजूला राहिले. ज्या गावाला रेल्वे नाही, त्याला रस्त्यावाचून दुसरी गती नसते, आणि रस्त्याला डिझेलवाचून. जिंतुरात शिकायला येणारी मुले, बाजाराला येणाऱ्या बाया, परभणीच्या दवाखान्याकडे निघालेले रुग्ण, हे सारे एस. टी.च्या आगारातून सुटणाऱ्या गाड्यांवर अवलंबून असत. म्हणूनच डिझेलच्या भावाचा प्रश्न येथे केवळ व्यापाऱ्याचा राहत नाही.

एकाच मालाचे दोन भाव ही गोष्ट या प्रदेशाला मुळीच नवी नव्हती. १९४८ पर्यंत जिंतूर हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाची स्वत:ची जकात होती. तिला करोडगिरी म्हणत. इंग्रजांशी १८०२ साली झालेल्या व्यापारी तहाने ती शेकडा पाच ठरवून दिली होती, आणि तोच आकडा दीर्घकाळ टिकला. वऱ्हाडची सीमा जिंतूरपासून फार दूर नाही. वऱ्हाड नावाला निजामाचे, कारभाराला इंग्रजांचे. सीमेच्या पलीकडे जी वस्तू एका किमतीला मिळे तीच अलीकडे नाक्यावर जकात भरून महाग होई. शिवाय नाणीही दोन: इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. शंभर कलदार रुपयांना सुमारे एकशे सोळा-सतरा हाली रुपये पडत. तेव्हा मराठवाड्यातील दुकानदाराच्या डोक्यात, रॉकेलचा डबा असो की कापडाचा तागा, दोन हिशेब सदैव शेजारी शेजारी चालत. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सीमेवरील करोडगिरीचे नाके जाळले गेले, त्यामागे राजकीय कारण होतेच. पण नाका ही गोष्ट सामान्य माणसाला रोज टोचणारी होती, हेही विसरता येत नाही.

संस्थानाने एक काम मात्र ब्रिटिश हिंदुस्थानच्या आधी केले. १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेने सत्तावीस गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. तिकडे मुंबई राज्याची पहिली एस. टी. पुण्याहून अहमदनगरला धावली ती १ जून १९४८ रोजी. म्हणजे बससेवा ही सरकारने चालवायची गोष्ट आहे, हे हैदराबाद संस्थानातील माणसाला पुणेकराच्या आधी सोळा वर्षे ठाऊक झाले होते! १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ जुलै १९६१ रोजी मुंबई, विदर्भ व मराठवाडा येथील तिन्ही सेवा एकत्र होऊन आजचे राज्य परिवहन महामंडळ उभे राहिले. महामंडळाची अडीचशेच्या आसपास आगारे झाली. प्रत्येक मोठ्या आगारात जमिनीखाली डिझेलची टाकी, तिच्यावर पंप, आणि चालकाने दहा लिटरमागे किती किलोमीटर गाडी चालवली याची बारकाईने ठेवलेली नोंद, ही या व्यवस्थेची खूण होती. चार थेंब वाचवणाऱ्या चालकाचे कौतुक होई, सांडणाऱ्याला विचारणा होई. घाऊक खरेदी हे शहाणपण मानले जाई, कारण घाऊक माल स्वस्त मिळतो असा जगाचा नियम आहे. २०१३ साली तोच उलटा झाला.

डिझेल स्वस्त ठेवण्याचे धोरण त्याच्याही आधीचे. १९७३ च्या तेलसंकटानंतर सरकारने ‘एस्सो’, ‘बर्मा-शेल’ व ‘कॅलटेक्स’ या परदेशी कंपन्यांचा कारभार ताब्यात घेतला आणि इंधनाचे भाव ठरवण्याचे कामही आपल्याकडे घेतले. पेट्रोल म्हणजे मोटारवाल्याचे. ते महाग असले तरी चालेल. रॉकेल गरिबाच्या चुलीचे आणि कंदिलाचे. ते स्वस्तच हवे. डिझेल ट्रकचे, एस. टी.चे, शेतातल्या इंजिनाचे. तेही स्वस्त हवे. ही विभागणी त्या काळी बरीचशी खरी होती. खडकीच्या ‘किर्लोस्कर ऑईल इंजिन्स’ची इंजिने विहिरीविहिरीवर धडधडत असत. येलदरीचे पाणी ज्यांच्या शिवारात पोचले नाही, त्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला विहीर आणि इंजिन एवढाच आधार होता. मंदगतीच्या इंजिनांसाठी ‘लाइट डिझेल’ नावाचे वेगळे तेल मिळे. गाड्यांचे ते ‘हाय स्पीड’. लाइट डिझेल स्वस्त असल्यामुळे ते गाडीच्या तेलात मिसळण्याचा मोह कुणाकुणाला होई. सवलत आणि भेसळ यांचे नाते इतके जुने आहे.

पुढे काळ बदलला. २००२ साली सरकारी भावनियंत्रणाची जुनी पद्धत कागदोपत्री संपली, तरी डिझेल व रॉकेलवरील हात सरकारने काढला नाही. जून २०१० मध्ये पेट्रोल मोकळे झाले. मग पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावांतील अंतर एवढे वाढले की धनिकांनीही डिझेलच्या मोटारी घेण्यास आरंभ केला. २०१२ च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास डिझेलवर चालणाऱ्या होत्या. शेतकऱ्याच्या नावाने दिलेली सवलत शहरातील मोटारीच्या टाकीत जाऊ लागली. सप्टेंबर २०१२ मध्ये पुण्याचे अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या समितीने ही सवलत टप्प्याटप्प्याने काढून घ्यावी अशी शिफारस केली. योगायोग असा, की महाराष्ट्रातील विभागांच्या असमतोलाचा अभ्यास करणारी समितीही त्या वेळी याच केळकरांच्या अध्यक्षतेखाली काम करीत होती, आणि मराठवाड्याचा मागासलेपणा हा तिच्या अहवालाचा मोठा विषय होता. एकाच विद्वानाच्या टेबलावर डिझेलची सवलत आणि जिंतूरसारख्या तालुक्यांचे दारिद्र्य अशी दोन्ही कागदपत्रे होती. त्यांची एकमेकांशी गाठ घालून देणे हे मात्र त्यांचे काम नव्हते. ते राज्यकर्त्यांचे होते.

जानेवारी २०१३ चा निर्णय या पार्श्वभूमीवर झाला. घाऊक ग्राहक म्हणजे रेल्वे, संरक्षण दले, मोठे कारखाने आणि राज्यांची परिवहन महामंडळे. देशातील एकूण डिझेलपैकी सुमारे सहावा हिस्सा या मंडळींचा. त्यांना बाजारभाव लावला तर मतदार रागावणार नाही आणि तिजोरीवरचा भारही हलका होईल, असा तो हिशेब. त्यात एक चूक राहिली. पंपावर उभ्या राहणाऱ्या गाडीला ‘तू घाऊक की किरकोळ?’ असे विचारण्याची सोयच नव्हती.

आता आगारप्रमुखाच्या जागी बसून गणित करू. एक गाडी दिवसाला तीनशे किलोमीटर धावते आणि लिटरला साडेचार किलोमीटर देते असे धरले, तर तिला सदुसष्ट लिटर डिझेल लागते. लिटरला अकरा रुपये जास्त म्हणजे गाडीमागे रोज साडेसातशेच्या जवळपास. साठ गाड्यांचे आगार असेल तर दिवसाला चव्वेचाळीस हजार, महिन्याला तेरा लाखांवर. तिकीट वाढवावे, तर भाडेवाढीसाठी हकीम समितीचे सूत्र आणि शासनाची मंजुरी. शिवाय काळीपिवळी जीप शेजारच्या पंपावर सवलतीचे डिझेल भरून त्याच रस्त्यावर दोन रुपये कमी घेऊन उभी! फेऱ्या कमी कराव्यात, तर कमी होणारी फेरी कोणती हे ठरलेलेच असते: संध्याकाळी डोंगराकडच्या शेवटच्या गावाला जाणारी, जिच्यात पासवाली मुले आणि चार म्हाताऱ्या असतात. मोठ्या मार्गावरची गाडी कुणी बंद करीत नाही. आणि हे सर्व अशा संस्थेबाबत, जी तेव्हा आपल्या उत्पन्नावर साडेसतरा टक्के प्रवासी कर भरीत होती आणि डिझेलवर राज्याचा मूल्यवर्धित करही.

तेव्हा महामंडळाने जे केले ते कुठल्याही संसारी माणसाने केले असते. आगारातील पंपांना विश्रांती दिली आणि गाड्या बाहेरच्या किरकोळ पंपांवर पाठवल्या. तमिळनाडूने तसेच केले. केरळच्या महामंडळाने न्यायालयाची वाट धरली. उच्च न्यायालयाने त्यास दिलासा दिला, परंतु सर्वोच्च न्यायालयात तो टिकला नाही. पंपावर जाणे कायद्याला धरून होते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कुणीही चोरी करीत नव्हते. स्वत:च्या गाडीच्या टाकीत पंपावरून, पावती घेऊन तेल भरणे हा गुन्हा नव्हे.

पण फुकट काहीच नसते. पंप तीन किलोमीटरवर असेल तर जाऊन येऊन सहा किलोमीटर गाडी प्रवाशांविना धावते आणि सव्वा लिटर तेल त्यातच जाते. त्या वेळी डिझेलचा किरकोळ भाव पन्नाशीच्या थोडा पुढे होता. म्हणजे सत्तर रुपये गेले. तरीही साडेसहाशे वाचतात. मग रांगेतला वेळ आला. सकाळी साडेपाचची गाडी पाच वाजता पंपावर उभी, आणि पंपवाला अजून निजलेला. आगारातील मापाची, नोंदीची, तपासणीची शिस्त बाहेरच्या पंपावर कशी ठेवायची? प्रत्येक गाडीबरोबर एक माणूस द्यायचा का? पंपमालकाला रोजचे पैसे कसे द्यायचे? हे सारे सांभाळूनही सवलतीचे डिझेल स्वस्तच पडत होते, यावरूनच दोन भावांमधील दरी किती मोठी होती ते ध्यानात येते. जमिनीत पुरलेली टाकी, तिची गुंतवणूक, तिच्यावर नेमलेली माणसे यांचा खर्च मात्र चालूच राहिला.

लहान धंदेवाइकाला यातून जाणेच नव्हते, कारण तो पहिल्यापासूनच किरकोळ. खडी फोडणारा, जिनिंगवाला, विंधन-विहीर खोदणारा, लग्नमांडवाला जनरेटर पुरवणारा, हे सर्व पंपावरूनच पिंपे भरून नेत. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने डिझेलच्या वर्गातील तेल अडीच हजार लिटरपर्यंत, आणि एकेका पात्रात हजार लिटरपेक्षा अधिक नाही अशा रीतीने, परवान्याविना ठेवण्याची मुभा दिली होती. मराठवाड्यात बारा-बारा तासांचे भारनियमन सोसलेल्या माणसांना डिझेलचे पिंप ही घरातली वस्तू वाटू लागली होती. गंमत म्हणजे आता मोठे कारखानदारही आपली घाऊक ऐट सोडून याच रांगेत आले. काही महिन्यांतच घाऊक विक्री घसरली, किरकोळ वाढली, आणि वाचेल म्हणून अपेक्षिलेली रक्कम पंपाच्या दारातून गळून गेली.

येथवर वाचून आपल्या वसई-उत्तनकडील वाचकांपैकी कुणी म्हणेल, की यष्टीचे एवढे कौतुक कशाला, हे तर आम्ही जन्मभर भोगतो आहोत. ते खरे आहे. पाचूबंदर, नायगाव, उत्तन, पाली, चौक येथील आपल्या कोळी बांधवांना सवलतीच्या डिझेलची जी व्यवस्था लाभली तिचे नाव ‘डिझेल परतावा’. यांत्रिक बोटीच्या मालकाने मच्छीमार सहकारी संस्थेच्या पंपावरून ठरलेल्या कोट्याइतके डिझेल घ्यावे, राज्याचा विक्रीकर धरून पूर्ण किंमत द्यावी, आणि मग शासनाने तो कर संस्थेमार्फत परत करावा. सवलत आहे, पण आधी खिशातून गेलेली. बोटीची नोंदणी, मासेमारीचा परवाना, इंजिनाच्या अश्वशक्तीची मर्यादा, संस्थेचे सभासदत्व, एवढे सर्व कागद जुळले तर परतावा मंजूर होतो. आणि मंजूर झालेला परतावा अंदाजपत्रकातील तरतुदीची वाट पाहत महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे अडून राहतो. तोवर तांडेलाला बर्फ घ्यायचा असतो, खलाशांना आगाऊ रक्कम द्यायची असते, आणि ते पैसे सावकाराकडून अथवा मासळीच्या व्यापाऱ्याकडून येतात. मासळी मग त्याच व्यापाऱ्याच्या भावाने जाते. करातून मिळालेली सवलत व्याजात फिटते.

२०१३ साली आणि पुन्हा २०२२ साली या संस्थांचे पंप घाऊक ग्राहकांत धरले गेले. म्हणजे ज्याला सवलत द्यायची म्हणून सहकारी पंप उभारला, त्याच पंपावर बाहेरच्यापेक्षा महाग तेल! पंप सोडून बाजारातून पिंपे भरावीत तर परताव्याचा हक्क जातो, टेंपोचे भाडे पडते आणि जेट्टीवर पिंपे चढवण्याउतरवण्याची यातायात वाढते. पंप धरून राहावे तर लिटरमागे दहा-अकरा रुपयांची, २०२२ साली त्याहूनही मोठी, ठोकर बसते. जिंतूरच्या आगारप्रमुखापेक्षा हे गणित कठीण, कारण येथे भविष्यात कधीतरी मिळणाऱ्या पैशाची किंमत आज ठरवायची असते. किनाऱ्यावरच्या बायका हे गणित तोंडी करीत. मच्छीमारांच्या संघटनांनी दोन्ही वेळा आवाज उठवला, तो या अनुभवातून.

सवलतीच्या इंधनाची सर्वांत काळी बाजू सांगितल्याविना हा इतिहास पुरा होत नाही. शिधापत्रिकेवर मिळणारे रॉकेल, ज्याला आपल्या आया घासलेट म्हणत, ते निळ्या रंगाचे केले होते, उघड्या बाजारातले पांढरे राहिले. रंग एवढ्याचसाठी की गरिबाचे तेल ओळखू यावे. २०११ च्या सुमारास शिधावाटपाच्या रॉकेलपेक्षा डिझेल तिपटीने महाग होते. ज्या दोन तेलांची प्रकृती एकमेकांत मिसळण्याजोगी, त्यांच्या भावांत एवढे अंतर ठेवले की टोळ्या निर्माण होणे अटळ होते. २००६ साली रॉकेलमध्ये रासायनिक खूण मिसळण्याचा प्रयोग झाला. तो दोन-तीन वर्षांत गुंडाळला गेला. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २००५ मध्ये, ‘इंडियन ऑईल’चे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा भेसळीचा पंप बंद केल्यामुळे उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी येथे खून झाला होता.

आणि आपल्या महाराष्ट्रात, २५ जानेवारी २०११ रोजी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ पानेवाडीच्या परिसरात रस्त्याने जात असता त्यांना तेलाची चोरटी उलाढाल दिसली. ते थांबले. त्यांनी चौकशी सुरू केली. त्यांच्या अंगावर तेल ओतून त्यांना जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. मराठवाड्याच्या मोठ्या भागाला डिझेल-पेट्रोल पुरवणारे साठे याच मनमाड-पानेवाडीला आहेत. जिंतूरच्या बाजूस जाणाऱ्या टँकरांचा उगम ज्या परिसरात, त्याच परिसरात एक अधिकारी आपले काम करीत असता मेला. राज्यातील सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवून निषेध केला, धाडी पडल्या, टँकर पकडले गेले. भावांतील अंतर मात्र पुढे कितीतरी वर्षे तसेच राहिले. २०१६ पासून शिधावाटपाच्या रॉकेलचा भाव थोडा थोडा वाढवत नेला आणि कोटा घटवला, तेव्हाच त्या धंद्यातला फायदा आटू लागला.

परदेशातही रंगाचीच युक्ती चालते. इंग्लंडात शेतीच्या व तत्सम कामाच्या सवलतीच्या डिझेलला लाल रंग देतात. मार्च २०२२ पर्यंत रस्त्यावरच्या पूर्ण करपात्र डिझेलवर लिटरला ५७.९५ पेन्स कर होता, लालवर ११.१४. रस्त्यावरच्या गाडीच्या टाकीत लाल डिझेल आढळल्यास दंड होतो, गाडीही जप्त होऊ शकते. सीमाशुल्क खात्याची माणसे टाकीत नळी घालून रंग पाहतात. आयर्लंडमध्ये सवलतीचे तेल हिरवे. तेथील सीमाभागात रसायने वापरून तो रंग धुऊन काढणारे चोरटे कारखाने चालत, आणि उरलेला गाळ रात्री रस्त्याकडेला टाकून देत. १ एप्रिल २०२२ पासून इंग्लंडने बांधकाम व इतर बहुतेक धंद्यांची ही सवलत काढून घेतली. शेती, मासेमारी, रेल्वे यांची ठेवली. तेथील बांधकामवाल्यांना त्या दिवशी यंत्रांच्या टाक्यांतील लाल तेल संपवून पांढरे भरावे लागले. आपल्याकडे डिझेलला रंग देण्याचे कुणी मनावर घेतले नाही. शेतकऱ्याचे, यष्टीचे आणि धनिकाच्या मोटारीचे डिझेल एकाच रंगाचे राहिले, म्हणून २०१३ साली भेद करण्यासाठी रंगाऐवजी दाराचा आधार घ्यावा लागला. माझ्या मते रंगाचा कायदा निदान हेतूशी प्रामाणिक असतो: कोण कशासाठी तेल जाळतो, हे तो विचारतो. दाराचा कायदा हे विचारत नाही. पंपाच्या दारातून आलेली आलिशान मोटार सवलतीस पात्र आणि आगाराच्या टाकीतून भरणारी, मुलांना शाळेत नेणारी बस अपात्र, असे त्यामुळेच घडले.

दोन भावांचे हे प्रकरण एकवीस महिने चालले. २०१४ च्या उत्तरार्धात जगात कच्चे तेल स्वस्त झाले, तोवर दरमहाच्या पैशापैशाच्या वाढीने किरकोळ भावही बाजारभावाला येऊन भिडला होता, आणि १८ ऑक्टोबर २०१४ रोजी सरकारने डिझेल पूर्णपणे मोकळे केल्याचे जाहीर केले. दोन दारे पुन्हा एक झाली.

सवलत गेली, कर उरला. १ ऑक्टोबर २०१५ पासून महाराष्ट्र शासनाने दुष्काळनिवारणासाठी पेट्रोल व डिझेलवर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार लावला. त्या वर्षी दुष्काळाचा मोठा घाव मराठवाड्यावर होता. म्हणजे जिंतूरचा शेतकरी ज्या ट्रॅक्टरने टँकरचे पाणी ओढत होता, त्या ट्रॅक्टरच्या डिझेलमधून तो स्वत:च्याच मदतीचा वाटा भरीत होता. शिवाय परभणी जिल्ह्याचे नाव पुढे सबंध देशाच्या वर्तमानपत्रांत आले ते महाग पेट्रोलमुळे. मनमाडच्या साठ्यापासून सुमारे तीनशे किलोमीटरची वाहतूक किमतीत मिळवली जात असल्याने, २०१८ आणि २०२१ साली भाववाढीची बातमी आली की सर्वांत वरचा आकडा बहुधा परभणीचा असे. ज्या जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न मुंबईच्या जवळपासही नाही, तेथील माणूस मुंबईकरापेक्षा महाग इंधन भरीत होता; मुंबईत कराचा दर अधिक असूनही.

मार्च २०२२ मध्ये दोन भाव परत आले. युक्रेनच्या युद्धाने कच्चे तेल भडकले, पण किरकोळ भाव ४ नोव्हेंबर २०२१ पासून गोठवून ठेवलेले होते. तेल कंपन्यांनी घाऊक डिझेल लिटरमागे पंचवीस रुपयांनी वाढवले. मुंबईत पंपावरचा भाव ९४.१४ रुपये, घाऊकचा १२२.०५. या वेळी शासनाचा कुठलाही आदेश नव्हता. सवलत तेल कंपन्याच सोशीत होत्या. एस. टी.च्या कर्मचाऱ्यांचा संप तेव्हा चालू होता आणि पुष्कळ गाड्या आगारातच उभ्या होत्या, एवढ्यापुरता महामंडळाचा तोटा टळला म्हणायचे! एप्रिलच्या अखेरीस कामगार कामावर परतले तेव्हा गाड्यांना तेल कुठून भरायचे हा प्रश्न समोर होताच, आणि महामंडळाने त्याचे उत्तर नऊ वर्षांपूर्वीचेच दिले. आगाराच्या फाटकातून बाहेर, पंपाच्या रांगेत.

त्याच दिवसांत उत्तनच्या एका स्नेह्याकडे गेलो होतो. त्याने आपल्या बोटीच्या हिशेबाची वही उघडून दाखवली. डाव्या पानावर डिझेल, बर्फ, रेशन, खलाशी. उजव्या पानावर मासळीची विक्री. आणि अगदी कडेला, पेन्सिलीने आखलेला एक अरुंद रकाना: ‘परतावा येणे’. त्यात आकडे होते, तारखा होत्या. पेनाने का लिहीत नाहीस, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘आल्यावर पेनाने लिहू, भावा.’